तिसरी खुर्ची

१

सात नंबरचा कॉम्प्युटर भंगारात काढायचं ठरलं नसतं, तर प्रियदर्शनी कांबळे मॅडम अकरा दिवसांनी हार-नारळ घेऊन अगदी समाधानानं निवृत्त झाल्या असत्या. कोल्हापुरातल्या त्या तंत्रनिकेतनात त्यांनी चौतीस वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉम्प्युटरची सी भाषा शिकवली होती. शिकवण्यात खोट काढायला कुणाला जागा मिळाली नव्हती, आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं.

भंगारवाला दुपारी येणार होता. त्याआधी कुणाचं काही राहिलंय का म्हणून मॅडमनी तो कॉम्प्युटर एकदा चालू केला. मुलांचे जुने अर्धेमुर्धे प्रोग्रॅम, कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो, असलंच सगळं होतं. त्यात एक छोटी फाइल होती. तिच्यावरची तारीख बघून मॅडमचा हात माउसवरच थांबला. ९ जानेवारी २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

त्या दिवसानं एका माणसाची नोकरी घेतली होती. एका ट्रस्टनं कॉलेजला पुण्यातल्या प्रशिक्षणाची एक जागा दिली होती. सहा महिने राहणं-जेवण फुकट आणि पुढं नोकरीची हमी. वीस मुलांची तोंडी परीक्षा झाली, यादी लागली, आणि पहिल्या नंबरावर दोन मुली निघाल्या, मनाली आणि मोना, दोघींना पन्नासपैकी एक्केचाळीस. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण यादीच्या तळाशी एकूण गुण सातशे बारा छापले होते आणि वर छापलेल्या वीस आकड्यांची बेरीज सातशे सात भरत होती. मधल्या वेळात यादीला कुणाचा तरी हात लागला होता.

लॅबची किल्ली असायची लॅब असिस्टंट जोतीराम यांच्याकडं. मोना त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. एवढ्यावर तिघांच्या चौकशी समितीनं अर्ध्या तासात निकाल लावला. राजीनामा द्या, नाहीतर पोलिसांत जाऊ. एकोणीस वर्षं नोकरी केलेला माणूस पिशवीत डबा घालून आजऱ्याला निघून गेला. ट्रस्टनं ती जागा दुसऱ्या कॉलेजला दिली. समितीच्या कागदावर तिसरी सही कांबळे मॅडमची होती.

आता त्यांनी ती फाइल उघडली. गुणांची फाइल वाचून परत लिहिणाऱ्या नेहमीच्या ओळी सोडल्या, तर कामाच्या ओळी दोनच होत्या.

mona = manali;
manali = mona;

हे काही चोराचं काम नव्हतं. चोर असली चूक करत नाही.

२

सी भाषेत बरोबरचं चिन्ह म्हणजे तराजू नव्हे, हे मॅडम दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायच्या. उजवीकडच्या डब्यात जे आहे ते डावीकडच्या डब्यात टाक, एवढाच त्याचा हुकूम. डावीकडं आधी जे होतं ते गेलं. ते परत मागायला गेलात तर कॉम्प्युटर काही ओळख देत नाही.

त्या दोन ओळी कुणीतरी दोन मुलींच्या गुणांची अदलाबदल करायला लिहिल्या होत्या. पहिल्या ओळीनं मनालीच्या डब्यातला आकडा मोनाच्या डब्यात टाकला. मोनाच्या डब्यातला जुना आकडा तिथंच मेला. दुसऱ्या ओळीनं तोच आकडा पुन्हा मनालीला दिला. दोघींना एक्केचाळीस कसे, त्याचं उत्तर तेवढ्यात मिळालं.

पण मग अदलाबदल करायचीच का होती? कुणी केली? आणि जो आकडा मेला तो कुणाचा होता? मॅडमनी भंगारवाल्याला उद्या ये म्हणून सांगितलं आणि ऑफिसातून चौकशीचं जुनं इतिवृत्त मागवलं. दीड पानाचा कागद. त्यात जोतीराम यांच्या जबाबाबद्दल एकच वाक्य होतं. 'सदर कर्मचाऱ्याने विचारलेल्या प्रश्नास असंबद्ध उत्तर दिले.'

काय उत्तर दिलं होतं? मॅडम आठवून आठवून थकल्या. जोतीराम काहीतरी बोलले होते, त्यांच्याकडंच बघून बोलले होते, आणि आपण 'विषयाला धरून बोला' म्हणून त्यांना तोडलं होतं, तेवढं आठवलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ज्यांचं बोलणं बैठकीत हटकून मधेच तोडलं जायचं, त्या आपण. याची त्यांना फार लाज वाटली.

३

गुणांची नोंद करायला त्या दिवशी गुंडू बसला होता, ऑफिसातला क्लार्क. गडी तसा बोलका, पण मॅडमनी खुर्ची ओढून समोर बसत नऊ जानेवारीचं नाव काढलं तसा तो उगाच पंचिंग मशीन साफ करायला लागला. मिटलेलं प्रकरण कशाला उकरताय, प्राचार्यांना विचारा, असं बरंच बोलून झालं. मॅडम उठल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, परीक्षक गुण कसे देत होते.

परीक्षक बाहेरचे होते, म्हातारे. गेल्या उन्हाळ्यात वारले. ते कागदावर काही लिहीत नव्हते. पोरगं बाहेर गेलं की तोंडी आकडा सांगायचे आणि गुंडू हजेरीच्या क्रमानं टाइप करायचा. एवढं सांगून गुंडू पुन्हा पंचिंग मशीनकडं वळला.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळी कबनूरची वाट धरली. मनालीनं दुसऱ्या वर्षाला नाव घातलंच नव्हतं. घराजवळच्या एका यंत्रमागवाल्याकडं ती कापड तपासायला बसायची. आतून मागांचा खडखडाट येत होता, त्यामुळं बोलणं दाराबाहेर उभं राहून झालं. मॅडमना बघून पोरगी आधी हरखली आणि मग कपड्यावरचे सुताचे धागे झटकत राहिली.

मॅडमनी विचारलं, त्या दिवशी तुझा नंबर अकरावा होता, तू अकरावीच आत गेलीस का?

"न्हाय मॅडम. बस चुकली, मी उशिरा आलतो," मनाली म्हणाली. "माझ्या जागी मोना गेली. ती भाईर आल्यावर मी गेलो. सर काय बोलले न्हाईत त्यावरनं."

मॅडमनी डोळे मिटले. अकराव्या जागी आत गेली मोना आणि गुंडूनं तिचे गुण लिहिले मनालीच्या नावापुढं. बाराव्या जागी गेली मनाली आणि तिचे गुण पडले मोनाच्या नावावर. अदलाबदल का करायची होती, ते कळलं. गुंडूला स्वतःची चूक दुरुस्त करायची होती. पण गुंडूला सी भाषेचा ओ की ठो कळत नव्हता. त्या दोन ओळी दुसऱ्याच कुणाच्या होत्या.

निघताना मनालीनं विचारलं, का विचारताय मॅडम, काय झालंय का? मॅडमनी सांगते म्हटलं. खरं तर त्यांना अजून सांगण्यासारखं पुरतं सापडलेलं नव्हतं.

४

गुंडूला परत धरल्यावर तो फार वेळ टिकला नाही. परीक्षक निघून गेल्यावर दोघींचा क्रम उलटा झाल्याचं त्याच्या डोक्यात आलं होतं. गुण नोंदवायच्या मॅडमच्याच प्रोग्रॅमात एकदा टाइप केलेला आकडा हातानं बदलायची सोय नव्हती. प्राचार्यांना सांगावं तर वर्षात तिसरी चूक. म्हणून त्यानं गुणांची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि कॅन्टीनमध्ये बसलेल्या एका हुशार पोराला लॅबमध्ये नेलं. जोतीरामनी विश्वासानं लॅब उघडून दिली.

"दोघींचं नंबर उलटं पडल्यात, फिरव म्हटलं. पाच मिंटात फिरवलं पोरानं," गुंडू म्हणाला. "मला काय म्हायती मॅडम, आत काय झालं ते? माझी बी पोरंबाळं हायत."

चौकशीत का बोलला नाहीस, हे मॅडमनी विचारलं नाही. उत्तर त्यानं आधीच दिलं होतं. त्यांनी फक्त पोराचं नाव विचारलं.

सम्राट. त्यांचा लाडका विद्यार्थी. वर्गात पहिला हात वर करणारा.

५

सम्राटला स्टाफरूममध्ये बोलावलं तेव्हा त्यानं टेबलावरची ती दोन ओळींची छापील प्रत बघितली आणि दार ओढून घेतलं. नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा त्यानं केला नाही.

त्या दिवशी प्रोग्रॅम चालला, चूक काही दाखवली नाही, म्हणून त्याला वाटलं काम झालं. यादी लागली आणि दोघींना सारखे गुण दिसले, तेव्हा त्याला वाटलं की त्या सारख्याच असतील, गुंडूभाऊ उगाच घाबरले. पुढं दुसऱ्या वर्षात एका सरांनी फळ्यावर अदलाबदलीची पद्धत लिहिली. आधी तिसऱ्या डब्यात एक आकडा बाजूला काढून ठेवायचा, मग बाकीचं. ते बघून तो तासाला मधेच उठून गेला होता. तोवर जोतीरामभाऊंना जाऊन आठ महिने झाले होते.

"सांगायला हवं होतं मॅडम. धाडस झालं न्हाय," तो म्हणाला. "गुंडूभाऊ म्हणाले, तुझं नाव कुठं आलेलं न्हाय, येऊ दिऊ नको."

मॅडमना राग आला होता, पण तो पोरावर टिकेना. एकच गोष्ट त्यांना कळत नव्हती. एवढा हुशार मुलगा, आणि असली पहिल्या आठवड्यातली चूक कशी?

"तुमीच तर दाखवलं हुतं," सम्राट खाली बघत म्हणाला.

मॅडमचा तो तास कॉलेजात प्रसिद्ध होता. दोन खुर्च्या पुढं मांडायच्या, दोन मुलं बसवायची आणि म्हणायचं, तू तिकडं, ती इकडं. मुलं उठायची, जागा बदलायची, वर्ग हसायचा. हा झाला पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी मॅडम नवा नियम सांगायच्या. एका वेळी एकानंच उठायचं, आणि ज्याच्या खुर्चीवर दुसरा बसला तो वर्गाबाहेर. मुलं मग अडायची, भांडायची, आणि शेवटी कुणीतरी ओरडायचं, मॅडम, अजून एक खुर्ची पाहिजे. तेव्हा जोतीराम मागून तिसरी खुर्ची आणून ठेवायचे. दोन माणसं एकाच वेळी उठू शकतात, कॉम्प्युटर एका वेळी एकच ओळ करतो, हे त्या तिसऱ्या खुर्चीशिवाय कुणाला कळत नसे.

त्या वर्षी प्रवेश लांबले आणि सीचे तास दिवाळीनंतर सुरू झाले. पहिला दिवस झाला आणि मॅडमना विधानसभेच्या निवडणुकीची ड्यूटी लागली. प्रशिक्षण, मतदान, मग दोन दिवस अंगात ताप. परत आल्यावर अभ्यासक्रम मागं पडलेला म्हणून त्यांनी थेट पुढचा धडा घेतला. दुसरा दिवस राहून गेला तो गेलाच. चूक कुठं सुरू झाली ते शोधत त्या गुंडूपाशी गेल्या होत्या, सम्राटपाशी गेल्या होत्या. ती त्यांच्याच वर्गात सुरू झाली होती.

६

आता राहिला मेलेला आकडा. मॅडमनी त्यासाठी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गुंडू आणि सम्राट दोघांना उभं केलं आणि जुनी यादी टेबलावर पसरली. मोनाही होती. दीड वर्ष वर्गात तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं, म्हणून मॅडमनी तिला मुद्दाम बोलावलं होतं.

मॅडम म्हणाल्या, अदलाबदलीच्या आधी मनालीच्या डब्यात मोनाचे गुण होते, कारण दोघी उलट्या क्रमानं आत गेल्या. प्रोग्रॅमची पहिली ओळ मोनाच्या डब्यावर चालली. म्हणजे मनालीच्या डब्यातला आकडा वाचला आणि मोनाच्या डब्यातला मेला. वाचलेले एक्केचाळीस मोनाचे. तिचे खरेखुरे. तिच्या मामानं तिला एक गुणसुद्धा दिलेला नाही. मेलेला आकडा मनालीचा.

प्राचार्य म्हणाले, तो आता कोण सांगणार, परीक्षक तर राहिले नाहीत.

"ही सांगते," मॅडमनी यादीच्या तळाशी बोट ठेवलं. "सातशे बारा. माझाच प्रोग्रॅम आहे सर, वीस वर्षांपूर्वी मीच लिहिलाय. विसावा आकडा टाइप झाला की तो बेरीज करतो आणि वेगळ्या डब्यात ठेवतो. एकदा ठेवली की ठेवली. नंतर वरचे आकडे बदला, बेरीज बदलत नाही. ही बेरीज चूक होण्याच्या आधीची आहे."

दीड वर्षापूर्वी ज्या आकड्याला त्यांनी चोरीचा पुरावा मानलं, तो खरं तर एकमेव साक्षीदार होता. सातशे बारातून सातशे सात गेले, उरले पाच. एक्केचाळीस आणि पाच, शेहेचाळीस. मनाली एकटी पहिली आली होती. ती पुण्याला जायला हवी होती.

मोना रडायला लागली. गुंडू भिंतीकडं बघत राहिला. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही आठ दिवसांनी सुटणार, आम्हाला इथं राहायचंय, ट्रस्टला आता काय तोंड दाखवायचं. मॅडमनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी झालेलं सगळं चार पानांत लिहून काढलं, स्वतःच्या चुकीसकट, आणि एक प्रत संस्थेला, एक ट्रस्टला पोच घेऊन दिली. सम्राटनं आपणहून खाली सही केली. दुसऱ्या दिवशी गुंडूनंही केली.

कबनूरला मॅडम पुन्हा गेल्या. मनालीनं दोनदा विचारलं, शेहेचाळीस? नक्की? मॅडम हो म्हणाल्या. ट्रस्टला पत्र दिलंय, पण वयाची अट आहे, सांगता येत नाही, हेही सांगितलं. मनालीनं कपड्यावरचे धागे झटकले. मग म्हणाली की आत माल साठलाय, जातो मी.

७

आजऱ्याला मॅडम सम्राटला घेऊन गेल्या. जोतीराम एका काजूच्या कारखान्यात प्रतवारीवर होते, सुट्टी म्हणून घरी सापडले. केस पांढरे झाले होते. घरात दोनच खुर्च्या होत्या. त्या त्यांनी पाहुण्यांना दिल्या आणि स्वतः उंबऱ्यावर बसले.

मॅडमनी चार पानं पुढं केली. जोतीरामनी ती सावकाश वाचली. सम्राट मान खाली घालून बसला होता. त्यानं हात जोडले तसे जोतीराम म्हणाले की असू दे लेका, त्या दिवशी लॅब मीच उघडून दिलती, तू सात नंबरवर बसल्यालं मी बघितलं हुतं, दोघींचं नंबर फिरव म्हणून गुंडू सांगत हुता ते बी ऐकलं हुतं.

मग समितीसमोर त्याचं नाव का नाही घेतलंत, मॅडमनी विचारलं.

"जे त्याला शिकवलंच न्हाय, त्याची शिक्षा त्याला कशी करायची?"

मॅडमना ज्याची भीती वाटत होती तो प्रश्न आता विचारावाच लागला. त्या दिवशी तुम्ही काहीतरी बोलला होता. कागदावर असंबद्ध उत्तर एवढंच लिहिलंय. काय बोलला होता?

जोतीराम जरा हसले. "मी म्हटलं हुतं, मॅडम, औंदा तुमी तिसरी खुर्ची मागितलीच न्हाय." ते पुढं म्हणाले, "एकुणीस वर्सं मागं उभा राहून ऐकलंय मी. दोघींचं गुण सारखं दिसल्यावरच कळलं हुतं. तुमाला लगेच उमगंल वाटलं."

बाहेर कुणाच्या तरी अंगणात भात पसरलं होतं आणि एक बाई काठीनं कोंबड्या हाकत होती. मॅडम तिकडंच बघत राहिल्या. अख्ख्या कॉलेजात एका माणसाला उत्तर माहीत होतं. त्यानं ते त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच तोंडावर सांगितलं होतं, आणि त्यांनी त्याला विषयाला धरून बोला म्हटलं होतं. माफी मागायला त्या आल्या होत्या, शब्द घरून जुळवून आणले होते. त्यातला एकही आता कामाचा वाटेना.

"चुकलं माझं, जोतीराम," एवढंच त्या म्हणाल्या.

आतून चहा आला. संस्थेनं परत घ्यावं म्हणून मी भांडेन, निवृत्त झाले तरी भांडेन, असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा जोतीरामनी मान हलवली.

"नगा. माझ्या जागी आता दुसरा माणूस घेतलाय. त्याला बी घरदार असंल. त्याला उठवू नगासा."

मग मी काय करू, सांगा तरी, मॅडम म्हणाल्या.

जोतीरामनी जरा विचार केला. "तुमच्या जागी जी कोण मॅडम यील, तिला तेवढं सांगून ठेवा. पैल्या दिवशी दोन खुर्च्या. दुसऱ्या दिवशी तीन. मधी काय बी येऊ दे, दुसरा दिवस चुकवायचा न्हाय."

मॅडमनी पर्समधून वही काढली आणि जोतीराम बोलले तसं, शब्दाला शब्द, लिहून घेतलं.